कान आणि काटा

गेल्या काही वर्षांत आपल्याकडच्या ध्वनिमुद्रणाच्या मंडळींत एक नवे शास्त्र जन्माला आले आहे. या शास्त्राला ग्रंथ नाही, गुरू नाही, प्रमाण नाही. एक बारीक स्क्रू-ड्रायव्हर आणि स्वतःच्या कानांवरचा अढळ विश्वास एवढे भांडवल त्याला पुरते. पोटात व्हॉल्व्ह असलेला मायक्रोफोन ज्या पेटीतून वीज घेतो, तशा पुष्कळ पेट्यांत एक छोटासा प्रीसेट असतो. तो फिरवला की व्हॉल्व्हच्या हीटरचे व्होल्टेज कमीजास्त होते. तो थोडा चढता पिळला की आवाजात ‘ऊब’ येते, हे या शास्त्राचे पहिले सूत्र. दुसरे सूत्र असे, की ही ऊब मोजता येत नाही, ती ऐकावी लागते. आणि ऐकणारा कान अर्थातच सूत्रकारांपाशी असतो. तिसरे सूत्र कोणी उच्चारत नाही, पण पाळतात सगळे: जो मल्टिमीटर काढील तो अरसिक.

मी मल्टिमीटर काढणाऱ्यांपैकी आहे. तेव्हा माझी रसिकता आधीच निकालात निघाली असे समजून पुढे वाचावे.

वाङ्मयाच्या अंकात हीटरच्या व्होल्टेजची चर्चा कशाला, असे एखादा वाचक विचारील. त्याला माझे उत्तर असे, की ज्या गाण्यांवर आपण अंकामागून अंक लेख लिहितो, ती गाणी हवेतून थेट आपल्या कानांत आलेली नाहीत. मधे एक पडदा हलला, त्या हलण्यातून व्होल्टचा एक क्षुद्र अंश उत्पन्न झाला, आणि तो अंश एका तापलेल्या काचेच्या वा लोखंडी नळीने सांभाळून पुढे दिला. ती नळी कोणी, किती आणि कशाच्या भरवशावर तापवली, हा प्रश्न गाण्याच्या बाहेरचा नाही.

प्रथम हीटर काय करतो ते पाहू. व्हॉल्व्हच्या मध्यभागी निकेलची एक बारीक नळी असते. तिच्यावर बेरियम आणि स्ट्रॉन्शियम यांच्या ऑक्साइडचा पांढरा लेप असतो आणि आत हीटरची तार. तार तापते, नळी सुमारे सातशे-साडेसातशे अंशांपर्यंत जाते, आणि त्या लेपातून इलेक्ट्रॉन बाहेर पडून नळीभोवती त्यांचा एक ढग जमतो. ही नळी म्हणजे कॅथोड. ढगातून किती इलेक्ट्रॉन पलीकडच्या अॅनोडकडे जायचे ते मधली ग्रिड नावाची जाळी ठरवते, आणि पडद्यावरून आलेला आवाज त्या जाळीवर लागलेला असतो. यात हीटरचे काम एकच: ढग पुरेसा ठेवणे. विहिरीला पाणी तुडुंब असताना मोटेने किती पाणी वर येते हे बैलांवर आणि मोटेच्या मापावर ठरते, झऱ्यांवर नाही. झरे वाढवून मोट मोठी होत नसते.

स्क्रू चढता पिळणारे नेमके येथेच फसतात. व्हॉल्व्ह धडधाकट असेल तर ६.३ व्होल्टच्या जागी ६.९ दिल्याने ध्वनीच्या वाट्याला जवळजवळ काहीच येत नाही. ‘जवळजवळ’ हा शब्द मी प्रामाणिकपणे वापरतो. हीटरचे व्होल्टेज दहा टक्क्यांनी वाढवले तर इलेक्ट्रॉन थोडे अधिक वेगाने बाहेर पडतात, आणि ग्रिडच्या व्होल्टेजमध्ये सुमारे एक दशांश व्होल्टचा फरक व्हावा इतका त्याचा परिणाम होतो. त्यातून आवाज केसभर मोठा वा लहान होऊ शकेल. आणि केसभर मोठा आवाज माणसाला मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. हे कानाचे जुने दुखणे आहे. एकच ध्वनिमुद्रण दोनदा ऐकवा, दुसऱ्या खेपेला आवाज किंचित वाढवा, आणि शपथेवर विचारा. दुसरे अधिक भरदार, अधिक ‘उबदार’ ठरेल. दोन्हींची पातळी अगदी सारखी करून, कोणते कोणते हे न सांगता, दहा वेळा ऐकवा, म्हणजे ही ऊब कुठे जाते ते कळेल. असा प्रयोग करू या, असे मी यांतल्या काही मंडळींना सुचवले. सगळ्यांनाच त्या दिवशी तातडीची कामे निघाली.

मला वाटते, सगळा घोटाळा एका शब्दाने केला. इंग्रजीत अशा आवाजाला ‘वॉर्म’ म्हणतात. आपण तो शब्द जसाच्या तसा घेतला आणि त्याचा अक्षरशः अर्थ लावला. आवाज ऊबदार हवा? मग व्हॉल्व्ह अधिक तापवा! उद्या एखाद्याचा आवाज गोड म्हणतात म्हणून त्याच्या मायक्रोफोनला काकवी फासण्यासारखेच हे आहे.

आवाजाला काही मिळत नसले तरी व्हॉल्व्हला मात्र बरेच काही मिळते. कॅथोड गरजेपेक्षा जास्त तापला की लेपातले बेरियम अधिक वेगाने उडून जाते. उडालेले बेरियम समोरच्या ग्रिडवर जाऊन बसते, आणि ज्या जाळीने गप्प राहून हुकूम द्यायचे ती स्वतःच इलेक्ट्रॉन सोडू लागते. रेडिओच्या व्हॉल्व्हमध्ये हे एकवेळ खपले असते. मायक्रोफोनमध्ये खपत नाही, कारण येथे ग्रिडला जोडलेला रोध शंभर मेगओहमच्या घरातला, कधी त्याच्या दसपटीचा असतो. शंभर मेगओहममधून अँपिअरचा एक अब्जांश वाहिला तरी एक दशांश व्होल्ट उभा राहतो. आणि पडद्याकडून येणारा हळुवार आलाप त्याच्यापेक्षा पुष्कळ लहान असतो. तो अब्जांश स्थिर राहिला तर एकवेळ बरे. तो थरथरतो. मग शांत जागी गुरगुर ऐकू येते, मधूनच दूरवर कोणी पोते टाकल्यासारखा धप्प आवाज होतो, आणि आमचे शास्त्रज्ञ म्हणतात, “व्हॉल्व्ह जुना झाला, नवा मागवा.”

कोठून मागवणार? बर्लिनच्या नॉयमान कंपनीचा यू ४७ हा या सगळ्या कुळाचा मूळपुरुष. तो १९४९ साली बाजारात आला. त्यात टेलिफुंकनचा व्हीएफ १४ हा लोखंडी कवचाचा व्हॉल्व्ह होता, आणि त्याचे उत्पादन १९५० च्या दशकाच्या अखेरीस थांबले. मायक्रोफोनला योग्य असे व्हॉल्व्ह निवडून त्यांवर ‘एम’ अक्षराचा शिक्का मारीत. आज तसा एखादा व्हॉल्व्ह हाती लागला तर त्याची किंमत ऐकून खाली बसावे लागते. नॉयमानच्याच एम ४९ मधला एसी ७०१ करंगळीच्या पेराएवढा. त्याचा हीटर ४ व्होल्ट आणि १०० मिलिअँपिअर घेतो, म्हणजे अवघा ०.४ वॅट, आणि त्याच्या तारा थेट डाग देऊन जोडलेल्या. हे जिन्नस संपत चाललेले आहेत. त्यांच्या आयुष्याचे तास कोणाच्या तरी कानाच्या हौसेखातर जाळणे याला मी रसिकता म्हणत नाही.

या कानवाल्यांच्या समोर उभा असलेला दुसरा पंथही काही कमी नाही. हा पुस्तकवाल्यांचा. यांच्याकडे मल्टिमीटर आहे, कोष्टके आहेत, आणि कोष्टकात न बसणारी वस्तू चुकलेली असते असा यांचा सिद्धांत आहे. अशाच एका विद्वानाने मला गंभीरपणे सांगितले, की नॉयमानने यू ४७ मध्ये घोडचूक करून ठेवली आहे. व्हीएफ १४ च्या हीटरला कोष्टकाप्रमाणे ५५ व्होल्ट आणि ५० मिलिअँपिअर हवेत, आणि त्याने मोजले तर सॉकेटवर जेमतेम ३६ व्होल्ट! बिचारा व्हॉल्व्ह इतकी वर्षे अर्धपोटी होता. विद्वानाने उपायही काढला होता: आतला १७८० ओहमचा रोध काढून तेथे १००० ओहमचा घालायचा.

हिशेब बरोबर होता, हेच दुःख. यू ४७ मध्ये हीटरसाठी वेगळा पुरवठाच नाही. अॅनोडसाठी येणारे १०५ व्होल्टच मायक्रोफोनच्या आतल्या त्या १७८० ओहमच्या रोधातून हीटरला मिळतात. १०५ मधून ३६ वजा करा, उरलेल्या ६९ ला १७८० ने भागा. सुमारे ३९ मिलिअँपिअर येतात. हीटरला मिळतात १.४ वॅट, कोष्टकाप्रमाणे हवे होते पावणेतीन. म्हणजे जवळजवळ निम्मे. ज्या कारखान्याने व्हॉल्व्ह एकेक तपासून शिक्का मारला, त्याला हा निम्मेपणा दिसला नसेल, आणि तो आमच्या विद्वानाला एका दुपारीत दिसला, असे मानायला जी छाती लागते ती माझ्यापाशी नाही.

तो निम्मेपणा मुद्दाम ठेवलेला होता, आणि त्यामागचे गणित त्या मायक्रोफोनमध्येच आहे. अॅनोडच्या वाटेवर १०० किलोओहमचा रोध आहे. १०५ व्होल्ट आणि १०० किलोओहम. म्हणजे काही झाले तरी अॅनोडचा प्रवाह एका मिलिअँपिअरच्या आसपासच थांबणार. मोटच इतकी लहान, की अर्ध्या झऱ्यांवर विहीर तुडुंब राहते. मग कॅथोड थंड ठेवला तर ग्रिडवर बेरियम कमी जाते, गुरगुर टळते, आणि व्हॉल्व्ह वर्षानुवर्षे टिकतो. रेडिओसाठी छापलेले कोष्टक हे सर्व सांगत नाही. सांगणार तरी कसे? ते छापणाऱ्याच्या स्वप्नातही हा मायक्रोफोन नव्हता.

तेव्हा माझे म्हणणे एवढेच आहे: हीटरचे व्होल्टेज हा चवीचा विषय नाही आणि पाठांतराचाही नाही. ज्याने तो मायक्रोफोन बांधला त्याने त्या विशिष्ट जागेसाठी एक आकडा ठरवला. यू ६७ मध्ये ईएफ ८६ साठी ६.३ व्होल्ट, एम ४९ मध्ये ४, यू ४७ मध्ये ३६. तो आकडा शोधावा, व्हॉल्व्हच्या सॉकेटवर मोजून बसवावा, आणि स्क्रूवरून हात काढावा. प्रतिपक्ष म्हणेल, यात कला कुठे आली? नाही आली. ती माइकच्या दुसऱ्या बाजूला उभी असते.

‘सॉकेटवर’ हा शब्द मात्र मी सहज लिहिलेला नाही. निम्मे अनर्थ येथे होतात. आमच्यातले काही मेहनती लोक पेटी माइकपासून सोडवून टेबलावर घेतात, चालू करतात, बाहेरच्या पिनांवर मीटर लावतात आणि स्क्रू फिरवून बरोबर ६.३ आणतात. चाळीतल्या नळाचा जोर पहाटे तीनला, सगळे झोपलेले असताना पाहावा आणि त्यावरून सकाळी सातच्या पाण्याचा अंदाज बांधावा, तसे हे आहे. पुरवठा नियंत्रित नसेल तर भार लागताच व्होल्टेज धाडकन खाली येते. भार म्हणजे तापलेला हीटर, हेही ध्यानात हवे. थंड हीटरचा रोध तापलेल्याच्या पाचव्या-सातव्या हिश्श्याइतकाच असतो, म्हणून चालू केल्याकेल्या दिसणारा आकडाही खरा नव्हे. अर्धा तास थांबावे. या अर्ध्या तासात चहा होतो.

मग केबल येते. हीटरच्या तारा बहुधा बारीक असतात. ०.२२ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार दर मीटरला सुमारे ०.०८ ओहम रोध दाखवते. जाण्यायेण्याचे मिळून दहा मीटर केबलचे दीड ओहम होतात. सी १२ सारख्या माइकमधला ६०७२ व्हॉल्व्ह ३५० मिलिअँपिअर घेतो, म्हणजे दहा मीटरला अर्ध्या व्होल्टहून थोडे अधिकच वाटेत जिरते. वीस मीटरला एकाहून थोडे अधिक. पेटीवर ६.३ आणि व्हॉल्व्हवर ५.२!

याच एका व्होल्टमुळे एका ध्वनिमुद्रणगृहात जे घडले, ते सांगतो. त्यांनी माइक मोठ्या दालनात नेण्यासाठी केबल वीस मीटरची केली. आवाज दबलेला, सुरसुर वाढलेली. तेथल्या हुशार तरुणाने स्क्रू कानाने वर नेला आणि आवाज ‘खुलला’. खरेच खुलला असणार, कारण त्याने नकळत सॉकेटवरचे व्होल्टेज योग्य जागी आणले होते. कानाने आयुष्यात एकदा अचूक काम केले ते असे. पण का खुलला हे त्याला ठाऊक नव्हते. म्हणून त्याने निष्कर्ष काढला, की स्क्रू वर नेला की आवाज खुलतो. आणि दालनाचे काम संपल्यावर माइक पुन्हा पाच मीटरच्या जुन्या केबलवर लावला तेव्हा स्क्रू तसाच ठेवला. व्हॉल्व्हवर आता सात व्होल्ट. महिनोन्‌महिने.

त्या माइकसमोर पुढे एक वयोवृद्ध गायिका बसल्या. दोन दिवस ध्वनिमुद्रण चालले. मला बोलावले ते नंतर, “सुरुवातीच्या आलापाखाली काहीतरी वाजते आहे, काढता येईल का?” म्हणून. ऐकले. बाईंचा श्वास, मग षड्‌ज, आणि त्या षड्‌जाच्या खाली, त्या जेथे थांबतात तेथे हटकून, ती गुरगुर. यंत्राने थोडी काढली. तिच्याबरोबर आवाजाची साय गेली. पुन्हा गाऊन घ्या, म्हणालो. बाईंची प्रकृती आता ते सोसण्यासारखी राहिलेली नव्हती. त्या ध्वनिमुद्रणातून आज जे ऐकू येते, ते आमच्या एका माणसाच्या कानावरील श्रद्धेसकट ऐकू येते.

एवढ्यावर कोणी म्हणेल, पेटी नियंत्रित पुरवठ्याची घ्या, म्हणजे प्रश्न मिटला. काही अंशी खरे आहे. २२० व्होल्टवर बांधलेली जुनी, अनियंत्रित पेटी आपल्या वस्तीत रात्री दिवे मालवल्यावर चढणाऱ्या २४० व्होल्टवर लावली, तर हीटरचे ६.३ आपोआप पावणेसातच्या पुढे जातात. ते नियंत्रणाने टळते. पण नियंत्रक बसतो पेटीत आणि केबल पडते पेटीबाहेर. तो तिच्या वाटेतला तोटा भरून देत नाही. शिवाय एलएम ३१७ वर बांधलेल्या स्वस्त पेट्यांत प्रीसेट असा जोडलेला असतो, की त्याची सरकती टोके जुनाट होऊन सुटली तर व्होल्टेज शून्य होत नाही, उलट शिगेला जाते. सरकते टोक एका बाजूच्या टोकाला जोडून टाकले आणि प्रीसेटचा पल्ला दोन पक्क्या रोधांनी आखडला, तर हा अपघात होत नाही. दोन डागांचे काम आहे. ते करण्याऐवजी मंडळी पेटीच्या पुढच्या पट्टीवर चांगली मोठी मूठ बसवून घेतात, म्हणजे चालू ध्वनिमुद्रणात ‘ऊब’ घालता येईल.

स्क्रू कधीच फिरवू नये असे माझे मत आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. खाली फिरवायला माझी हरकत नाही, पण विचारपूर्वक. एखादा व्हॉल्व्ह ६.३ वर जरा कुरकुरत असेल आणि ६.० वर शांत होत असेल, तर तो तेथे ठेवावा. मात्र कुरकुर मोजून, ऐकल्याच्या भासावर नव्हे. फार खाली गेलात तर ढग विरळ होतो, लेप उरल्यासुरल्या वायूंनी विटतो, आणि सुरसुर पुन्हा वाढते. आणि स्क्रूचा एक उपयोग तर अप्रतिम आहे; तो मात्र कोणी करत नाही. हीटरचे व्होल्टेज दहा टक्क्यांनी खाली आणा, मिनिट-दोन मिनिटे थांबा, आणि अॅनोडचे व्होल्टेज पाहा. ते जवळजवळ हलले नाही तर कॅथोड अजून धडधाकट आहे. ते भराभर चढू लागले तर विहीर आटत आली आहे. महत्त्वाचे काम त्या व्हॉल्व्हवर घेऊ नका. मग स्क्रू होता तेथे परत. (हे करताना त्याच पेटीत शंभर-दोनशे व्होल्ट वावरत असतात, आणि बंद केल्यावरही कंडेन्सरांत काही वेळ दबा धरून बसतात, हे विसरू नये. आणि माइक उघडलाच तर ग्रिडच्या रोधाला बोट लावू नये. बोटाचा घामही शंभर मेगओहमला वाट करून देतो.)

त्या ध्वनिमुद्रणगृहात मी नंतर पुन्हा गेलो. व्हॉल्व्ह बदलला, दोन्ही केबलींवर वेगवेगळे मोजले, आणि पेटीच्या झाकणावर एक चिठ्ठी डकवली: पाच मीटर केबलला पेटीवर किती, वीस मीटरला किती, सॉकेटवर दोन्हींना ६.२, तारीख. सहाएक महिन्यांनी दुसऱ्या कामाला गेलो तेव्हा चिठ्ठी जागेवर होती. तिच्या खाली पेन्सिलीने कोणी तरी लिहिले होते, ‘६.६ ला जास्त गोड.’ मीटर लावला. सॉकेटवर खरोखरच ६.६ निघाले. मी ते ६.२ वर आणले, अर्धा तास थांबून पुन्हा पाहिले, आणि पेन्सिलीची ओळ न पुसता स्क्रूवर लाखेचा एक थेंब टाकून आलो.